आत्याचं टेबल

५ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्या पोचल्या पत्र लिहीन म्हणून निघाले आणि इतके दिवस लावले. तू फुगून बसली असशीलच, म्हणून आधी चांगली बातमी. रुग्णालयाची जी लाँड्री तू सांभाळतेस, तिथे कोपऱ्यात स्टूल टाकून मी आठवडाभर बसले होते ना, त्याचा अहवाल पूर्ण झाला. आमच्या मार्गदर्शक बाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी मान डोलावली.

मी नक्की काय शिकते ते बाबाला अजून धड सांगता येत नाही. तंत्रज्ञान व्यवस्थापन आणि प्रणाली विश्लेषण एवढं ऐकलं की तो विषयच बदलतो. खरं तर सोपं आहे. काम कुठून येतं, कुणाकुणाच्या हातून जातं आणि कुठे तुंबतं, ते बघायचं. नुसतं बघायचं, मध्ये बोलायचं नाही. भिंगरी आठवडाभर तोंड मिटून बसली हेच मोठं संशोधन, असं तू जेवताना म्हणालीस ते आठवून मी बसमध्ये एकटीच हसले.

तर निष्कर्ष असा की तुमच्याकडे कुठेच तुंबत नाही. चादरी, अभ्रे, गाऊन, सगळं बहुतेक दिवशी दुपारच्या जेवणाआधी वॉर्डांत पोचतं आणि मग बायका रिकाम्या असतात. म्हणजे दोन माणसं जास्त आहेत, असं मी लिहिलंय. तुमच्या अधीक्षकांनीही प्रत मागवून घेतली. पुढच्या महिन्यात परीक्षकांपुढे मांडलं की पदवी हातात.

तब्येतीला जप. तुझा लोभ मी गृहीतच धरलाय, मागत नाही.

तुझी
भिंगरी


११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. फोन हातात घेतला होता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते.

तू पाहिलंस ते खरं नव्हतं. पाहुणे यायचे म्हटलं की आपण घर आवरतो, तशी मी लाँड्री आवरली. भाची शिकायला येणार, तिच्यापुढे शोभा नको, एवढंच डोक्यात. सगळ्यांना तंबी दिली. रात्रपाळीला दोघी सख्ख्या जावा कामाला आहेत, त्यांना दिवसाही या म्हणून गळ घातली, त्या मागच्या खोलीत बसून घड्या घालत होत्या. त्यातही शेवटचे दोन दिवस त्यांची सासू आजारी पडली म्हणून त्या आल्याच नाहीत. मी स्वतः ऑफिसात बसून राहिले. एरवी मी माझं टेबल सोडत नाही. इस्त्री झालेला प्रत्येक गठ्ठा माझ्या हाताखालून जातो, मगच वॉर्डात. पण आत्या समोर असली की तुझ्याशी कुणी मोकळेपणी बोलणार नाही, म्हणून लांब राहिले.

जेवणाआधी म्हणे! अगं, एरवी दिवेलागणीला चादरी पोचतात आणि सिस्टर लोक फोनवर माझा उद्धार करतात. आता दोन माणसं जास्त म्हटल्यावर कुणाला काढतील ते मला ठाऊक आहे. सगळ्यांत नव्या दोघींना. दोघीही कामाला चोख, आणि एकीनं नुकतंच मुलीला इथल्या शाळेत घातलंय. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

तुझी पदवी अडली तर तुझा बाप मला दारात उभी करणार नाही, हेही कळतं. तरी सांगते, तो अहवाल मागे घे. नंतर काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझी
आत्या


१९ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागाने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर तुझं नशीब.

बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “नात्यातली जागा निवडलीस तेव्हाच हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं.” अहवाल मागे घेतला, अधीक्षकांनाही तसं कळवलं. पदवी एक सत्र पुढे गेली. बरोबरीचे सगळे पुढे जातील आणि मी इथेच. बाबाला मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस.

मी पुन्हा येतेय. या वेळी काहीही आवरू नकोस. तुझं टेबल, तुझी आरडाओरड, सगळं एरवीसारखं हवं. उतरणार तुझ्याकडेच. दुसरीकडे जायचं मनातही आलं नाही, याचाही मला राग आलाय.

एवढं होऊनही तुझीच
भिंगरी


२ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू शब्द पाळलास, खरंच काही आवरलं नाहीस. निघताना तू सारखी विचारत होतीस की काय दिसलं, आणि मी नंतर सांगते म्हणून टाळलं. समोर बसून सांगायचा धीर नव्हता.

इस्त्रीपर्यंत सगळं सरळ येतं आणि तुझ्या टेबलापाशी तुंबतं. तू प्रत्येक चादर उलगडतेस, कोपरे जुळवतेस, पुन्हा घडी घालतेस. त्यातली एखाददुसरीच परत जाते, पण बाकीचे गठ्ठे मागे साचत राहतात. पहिल्या खेपेला काम लवकर उरकलं ते त्या दोघी जावांमुळे, असं मलाही वाटत होतं. पण शेवटचे दोन दिवस त्या नव्हत्या, हे तूच लिहिलंयस. अपवाद म्हणून सोडून दिलेले ते दोन दिवस मी पुन्हा तपासले. काम चारच्या सुमारास संपलं होतं. कुणी रिकामं नव्हतं, कुणाला थांबावं लागलं नाही, एका वॉर्डातूनही फोन नव्हता. तेव्हात आणि आत्तात फरक एकच आहे, आत्या. तेव्हा टेबलापाशी तू नव्हतीस.

म्हणजे एकही माणूस जास्त नाही. त्या दोघींच्या नोकरीला धक्का लागत नाही, याचा मला फार आनंद आहे. पण पुढचं मी लिहू कशी? लहानपणी माझा फ्रॉक तू चारदा झटकून बघितल्याशिवाय मला घालू द्यायची नाहीस. त्याच हातांबद्दल अधीक्षकांनी वाचायचं?

म्हणून एक वाट काढलीय. टेबल चुकीच्या जागी आहे, ते दाराजवळ हलवावं, असं लिहिते. त्यानेही थोडा फरक पडेल, अगदीच खोटं नाही. बाईंना ते पटणार नाही आणि गुण जातील, ते जाऊ देत. तू सांगशील तसं करते.

उत्तर कसंही असलं तरी चालेल, फक्त लवकर पाठव.

तुझी
भिंगरी


१४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. कालपर्यंत शाळेत जाणारी पोर मला माझं काम शिकवते, असं मनात आलं. 

मग म्हटलं, बघू तरी. सोमवारी ऑफिसात जाऊन बसले. हातांचं काय करावं कळेना. खिडकीची काच पुसली, झाली तरी पुन्हा पुसली. टेबलापाशी नव्या दोघींतली एक उभी राहिली. ती मधूनच एखादा गठ्ठा उघडून बघायची आणि बाकीचे पुढे सोडायची. माझा जीव टांगणीला. दुपारी एका वॉर्डातून फाटका गाऊन आल्याची तक्रार आली. मी उठलेच होते, तोवर तिनं फोन घेतला, चूक कबूल केली आणि दुसरा गाऊन पाठवूनही दिला. मला विचारायला कुणी आत आलं नाही. चार वाजता सगळं संपलं. बायका पदर झटकून घरी निघाल्या, एक तर चक्क गुणगुणत होती.

आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. घरी येऊन मी रडले. इतकी वर्षं वाटत होतं की माझ्यामुळे चाललंय. त्या सगळ्यांना माझ्यापायी रोज उशिरा घरी जावं लागत होतं आणि एकीनंही मला ते बोलून दाखवलं नाही. मंगळवारीही ऑफिसातच बसले. आज गुरुवार, अजून तिथेच आहे. हे पत्रही तिथूनच लिहितेय.

आता तुझं. मायेपोटी मी तुला खोटं दाखवलं, तेव्हा दोघींच्या पोटावर पाय येणार होता. तू मायेपोटी खोटं लिहिलंस तर उद्या कुणाच्या येईल, सांगता येत नाही. तेव्हा स्वच्छ लिही की पर्यवेक्षिका प्रत्येक गठ्ठा स्वतः उघडते, म्हणून उशीर होतो. अधीक्षक विचारतील तेव्हा मी समोर बसून हो म्हणेन.

तुझ्यावर रागही आहे आणि जीवही आहे. दोन्ही असू देत.

टेबल आहे तिथेच राहू दे. मी हलते.

तुझी
आत्या