भातसेत न सोडलेला कंदील

किन्हवली,
२३ नोव्हेंबर २००४

ती. पांडूदादांस,
धाकट्या भावजयीचा सविनय जय भीम. वि. वि.

माझा महेंद्र तुमच्याशी बोलणार नाही म्हणतो, म्हणून मीच लिहिते. वाशिंदला त्याच्या कारखान्यातल्या जपानी साहेबांनी उत्सव भरवला, तुम्ही मुरबाडहून हौसेने आलात. सूनबाई आरती दोन काड्यांनी भात खाताना अर्धा पदरावर सांडत होती, तेव्हा सगळ्यांत जास्त हसलात तुम्हीच. मग नदीवर काय झाले तुम्हाला?

गेलेल्या माणसाचे नाव कागदी कंदिलावर लिहून तो भातसा नदीत सोडायचा, एवढेच होते. मी यांचे नाव माझ्या हाताने लिहिले. हे गेल्यावर वंदनेच्या पुस्तकावरून अक्षरे शिकले, ती सहा वर्षांत पहिल्यांदा यांच्या कामी आली. आणि तुम्ही भर गर्दीत कंदील ओढून घेतलात, आपल्यात हे चालत नाय म्हणालात. कागद फाटला. ती जपानी बाई वाकून वाकून तुमचीच माफी मागत राहिली. मला मान वर करवेना. असे का केलेत ते कळवा.

राग लिहिला, तरी माया होती तेवढीच आहे.

आपली,
शालन

*

मुरबाड,
२७ नोव्हेंबर २००४

श्रीमती शालन हिस,
पांडूचा जय भीम. पत्र पोचले. गुडघा दुखतो, बाकी ठीक.

छप्पन्न साली आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, नथू तर जन्मलाही नव्हता. पुढे वडील वारले. मी मुंडण केले नाही, पिंड ठेवला नाही. बापाला उपाशी पाठवला, असे गाव तोंडावर बोलले. ते गिळले. आता माझ्याच भावाचे नाव पाण्यावर सोडलेले बघत उभा राहू काय? जपानी लोक बुद्धाचे, म्हणून त्यांचे सगळेच आपले होत नाही. तू बावीस प्रतिज्ञा वाचतेस. श्राद्ध करणार नाही, हे वाचलेच असशील.

ओढायला नको होता, तेवढी चूक माझी. पुन्हा वेळ आली तर हळू घेईन, पण घेईन.

रुसून राहा हवे तर, पत्र मात्र थांबवू नको.

पांडू

*

किन्हवली,
३ डिसेंबर २००४

ती. दादांस,
जय भीम. वि. वि.

महेंद्रने त्या जपानी बाईला कंदिलाबद्दल माझ्यासाठी विचारले. त्यात मेलेल्याला काही खाऊ घालायचे नसते, काही मागायचे नसते. आपल्या माणसाला थोडे पुढपर्यंत पोचवायचे, बस, असे ती म्हणाली.

मला तेवढेच करायचे होते. यांना कल्याणच्या इस्पितळातून आणले, तुम्ही पुरुष तिरडी उचलून निघालात. मी मागोमाग आले तर ओढ्यापाशी तुम्हीच अडवलेत. बायका पुढे येत नाय, असे म्हणालात. मी परत फिरले, ती सहा वर्षे तिकडे पाऊल टाकलेले नाही.

प्रतिज्ञा मी बावीसही वाचल्या. सगळी माणसे समान, हीही त्यातच आहे. त्या दिवशी ती तुम्हाला आठवली नाही आणि मला वाचता येत नव्हती.

कंदील राहू द्या. बारा तारखेच्या रविवारी सकाळी मी स्मशानात जाणार आहे. पूजा नाही, दिवा नाही, नुसती जाऊन उभी राहणार. आरती येते म्हणाली. तुम्हाला यायचे तर सकाळच्या एसटीने या. ओढ्यापाशी कोणी थांबायचे असेल, तर या खेपेला तुम्ही थांबा.

गुडघ्याला शेक द्या. आपले माणूस आहात, म्हणून एवढे स्पष्ट लिहिले.

शालन