दाजी माझं मनगट सुधारतात

कसबा बावडा, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २००१

चि. संघप्रिया हिस,

केरबा मामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू, जावईबापू आणि आमची साक्षी तिघं खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. साक्षीचा खोकला गेला का? ठाण्याच्या हवेवर माझा विश्वास नाही. इकडं आम्ही ठीक. तुझ्या मामीचे गुडघे अधूनमधून बोलतात, पण मामीपेक्षा कमी. माझी तब्येत तशी घोड्यासारखी आहे, फक्त उजवं मनगट सुजलंय आणि डाव्याला क्रेप बँडेज बांधलंय. (अक्षर वेडंवाकडं दिसतंय ते त्यामुळं. एरवी माझं अक्षर सरळ असतं. डेपोत साहेबांचे अर्जसुद्धा मीच लिहून द्यायचो.) ही मनगटं अशी का झाली, ते सांगितल्याशिवाय तुझ्या पत्राचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून जरा निवांत बसून वाच. भाजी गॅसवर असेल तर आधी उतरव.

तू लिहितेस, आई गेल्यापासून आण्णा फोनवर ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ यापलीकडं बोलत नाहीत, म्हणून डिसेंबरात येते आणि त्यांना कायमचं ठाण्याला घेऊन जाते. लेकीच्या काळजातून लिहिलंयस, त्यात मी काय चूक काढणार? तुझी आई, माझी आक्का, मार्चमध्ये गेली आणि तेव्हापासून दाजी सोप्यात खुर्ची टाकून फाटकाकडं तोंड करून बसायचे, हे खरं. तिकडून कोण येणार होतं, कुणास ठाऊक. मी रोज सकाळी चहा घेऊन जायचो. कपाच्या दोन्ही बाजूला आम्ही दोघं बसायचो, तो थंड व्हायचा आणि मी परत यायचो. मी आयुष्यभर एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस. हातकणंगल्यात चढलेला माणूस वाडीत उतरेपर्यंत त्याच्या तीन पिढ्यांची माहिती मला असायची. आणि माझ्या सख्ख्या दाजींच्या तोंडातून मला एक वाक्य काढता येईना. खोटं कशाला बोलू, मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती.

मग पावसाळा संपता संपता एक गोष्ट घडली. तुमच्या परड्यातला पेरू यंदा लदलदून आला. आक्का काय करायची, आठवतं का? दाजींनी फौजेतून आणलेली ती गोल्फची लोखंडी काठी घ्यायची, तिच्या बाकदार टोकानं फांदी ओढायची आणि पेरू पाडायची. (त्याला काठी म्हणायचं नाही, क्लब म्हणायचं, हे मला आता कळलंय. छावणीत गोल्फचं मैदान होतं, सुभेदार म्हणून त्याची देखभाल दाजींकडं होती आणि रविवारी कर्नलसाहेबांना जोडीदार मिळाला नाही की ते दाजींनाच खेळायला उभं करायचे. निवृत्त होताना त्यांनीच तीन जुने क्लब आणि पिशवीभर चेंडू भेट दिले. एवढा इतिहास असलेल्या वस्तूनं आपण वीस वर्षं पेरू खाल्ले.) तर मामीनं मला पेरू काढायला पाठवलं. मी कपाटामागचा क्लब काढला, परड्यात गेलो आणि हात मोकळा करावा म्हणून सहज एकदा हवेत फिरवला. मागून आवाज आला, “मनगाट चुकतंय तुमचं.”

पोरी, मी पेरूच्या झाडाला धरून उभा राहिलो. ‘व्हय’ नाही, ‘न्हाय’ नाही, सरळ तीन शब्दांचं वाक्य! मागं वळलो तर दाजी खुर्चीतून उठून दारात आलेले. मी लबाडपणे क्लब पुन्हा फिरवला, आधीपेक्षा वाईट. दाजी चप्पल न घालताच परड्यात उतरले आणि माझा हात धरला.

आता तुला गोल्फमधलं मनगट समजावून सांगतो. (मला रोज सांगतात, तू एकदा ऐकलंस तर काही बिघडत नाही.) क्लब मागं वर नेताना मनगट हळूहळू मोडू द्यायचं, अंगठे आभाळाकडं. पार वर गेल्यावर डाव्या हाताची पाठ सपाट पाहिजे, पाटासारखी. खाली येताना तोच बाक कोंडून धरायचा, सोडायचा नाही, घाई करायची नाही, आणि अगदी चेंडूपाशी आल्यावर मोकळा करायचा. हात पुढं, चेंडू मागं. आणि हे सगळं करताना क्लब असा धरायचा की जणू मुठीत चिमणीचं पिल्लू आहे. “दाबलंसा तर मरंल, सोडलंसा तर उडंल,” इति तुझे आण्णा.

ऐकायला सोपं आहे. पण माझ्या मनगटाला सबंध नोकरीभर एकच सवय. डोक्यावर दोरी, थांबा आला की एक हिसका, टण, गाडी थांब. तर क्लब झोकात खाली यायचा आणि ऐन चेंडूपाशी माझं मनगट आपोआप वर हिसका द्यायचं. चेंडू जागच्या जागी आणि मी पायाच्या चवड्यांवर. दाजी म्हणाले, “मेव्हणं, गाडी थांबवतायसा व्हय? चेंडूला उतरायचं न्हाय, जायाचं हाय.” त्या दिवशी मी घरी येऊन मामीला हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ती हसली आणि मग पदरानं डोळे पुसत बसली.

दुसऱ्या दिवसापासून दाजी सहाला माझ्या फाटकाशी हजर. मोजे, बूट, दाढी, सगळं फौजी. शेजारच्या सयाजीनं भुईमूग काढून मोकळं केलेलं रान आहे ना आमच्या मागं, तिथं शिकवणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मी चेंडू सोडून बाकी सगळं मारलं. ढेकळं उडाली, माझी चप्पल उडाली. सयाजी बांधावर म्हैस घेऊन उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला आणि फार आदबीनं म्हणाला, “पावणं, खणायचंच हाय तर त्या कोपऱ्यात खणा की. तितं शेंगा ऱ्हायल्यात.” (शेजारी राहून मला पावणं म्हणतो! क्लब हातात आला की माणूस परका दिसतो बहुतेक.) आम्ही कोपऱ्यात सरकलो. शेर-दीड शेर शेंगा निघाल्या, त्या मामीनं भाजल्या.

मग दाजींनी फौजी उपाय काढला. डाव्या हाताची पाठ वाकू नये म्हणून मामीचं उलथनं माझ्या मनगटावर बांधलं. दांडा कोपराकडं, पातं बोटांकडं. “आंघोळ सोडून काडायचं न्हाय. मनगटाला वळण लागलं पायजे.” मी उलथनं बांधून जेवलो, झोपलो, रेशन आणलं आणि रविवारी सकाळी विहारात वंदनेलाही तसाच गेलो. शर्टाच्या बाहीत लपवलं होतं, पण हात जोडल्याबरोबर जोडलेल्या बोटांच्या वर पातं चमकायला लागलं. वंदना संपल्यावर भन्ते माझ्यापाशी आले. बायका विहारातल्या स्वयंपाकासाठी भांडीकुंडी आणत होत्या. भन्तेंना वाटलं मीही दान आणलंय आणि लाजेनं लपवतोय. त्यांनी इतक्या मायेनं हात पुढं केला की मला गोल्फ हा शब्दच उच्चारता येईना. सोडलं आणि दिलं. सगळ्यांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं. दान दिलेली वस्तू परत मागता येत नाही आणि घरी आल्यावर तव्यावरची आंबोळी उलटायला काही नाही. त्या सकाळचं वर्णन मी करत नाही. दाजींनी मात्र मामीला एवढंच विचारलं, “दुसरं हाय का वो?”

आता मोठा प्रसंग. या महिन्याच्या सुरुवातीला बावड्यात माजी सैनिकांचा मेळावा झाला. आक्का गेल्यापासून दाजी कुठल्याही चार माणसांत गेले नव्हते, यंदा आपणहून गेले. आणि जाताना मला आणि क्लबला घेऊन गेले. भाषणं झाली, जेवणाला अवकाश होता. दाजींनी मंडळींना गोल्फबद्दल सांगितलं आणि जाहीर केलं की आमचे मेव्हणे एक फटका दाखवतील. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो. पण दाजींच्या तोंडावर असं काही तेज आलं होतं की माझे पाय आपोआप पुढं गेले. समोर मोकळं मैदान, उजव्या हाताला आचारी आणि रश्श्याची पातेली. मी अंगठे आभाळाकडं केले, पाठ सपाट केली, पिल्लू धरलं, बाक कोंडला. आणि ऐन वेळी मनगटानं दोरी ओढली. चेंडू समोर जायचा सोडून काटकोनात उजवीकडं सुटला आणि डुबुक असा आवाज झाला.

तांबड्यात पडला असता तर निभावलं असतं. पडला पांढऱ्या रश्श्यात. पांढऱ्यात पांढरा! आचाऱ्यानं पळ्या घालून तळ धुंडाळला, चेंडू काही हाती लागेना. रस्सा टाकून द्यायला कुणाचा जीव होईना (फौजेतली माणसं, चेंडूला काय भितात?), तेव्हा तसाच वाढला. मंडळी वाटीत बघत बघत सावध जेवत होती. अध्यक्ष गणपतराव वयानं मोठे, डोळ्यांनी अधू. त्यांच्या वाटीत तो आला. अंडं म्हणून त्यांनी बोटांनी दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग आचाऱ्याला हाक मारून म्हणाले, “आरं, ह्ये लई उकडलंय रं.”

संघप्रिया, तुझे आण्णा हसले. आधी मिशीत हसले, मग खांदे हलले, मग पत्रावळ बाजूला सारून मांडीवर थापा मारत हसले. पार दम लागला. मी पाणी दिलं तर माझा हात धरला आणि आक्काचं नाव घेऊन म्हणाले, “पारू असती तर आठ दिस ह्येच सांगत बसली असती वो.” आणि तिथंच पंगतीत, सगळ्या फौजेसमोर, रडले. आक्का गेल्यावर ते रडले नव्हते, तुला माहीत आहे. मीही रडलो. गणपतराव चेंडू हातात धरून आमच्याकडं बघत बसले होते.

तेव्हापासून दाजी बोलतात. दूधवाल्याला थांबवून मनगट दाखवतात, मामीला भाकरी थापताना सूचना करतात (आणि तिचं उलट उत्तर ऐकूनही घेतात). फोनवर तुला ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ एवढंच ऐकू येतं, कारण एस.टी.डी. बूथवर मीटर पळत असतं आणि फौजी माणसाचा जीव मीटरवर असतो. बाकी क्षेम. जावईबापूंना जयभीम, साक्षीला गोड पापा.

तुझा,
केरबा मामा

ता. क. येताना एक उलथनं आण. लांब दांड्याचं आणि जड. पहिलं दानात गेलं, दुसरं वाकलं.

आणखी एक. मला लवकर जमावं म्हणून जावईबापूंच्या साहेबांकडची गोल्फची व्हिडिओ कॅसेट तुझ्याकडून मागवायची, असं दाजी मागं म्हणाले होते. मागितली तरी ती पाठवू नकोस. कुणाला सांगणार नसशील तर कारण लिहितो. गेल्या गुरुवारी दाजी डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते, म्हणून मी एकटाच रानात गेलो. कोण बघणारं नाही म्हटल्यावर मनगट निवांत होतं की काय, क्लब आला, बाक टिकला, चेंडूपाशी सुटला, आणि चेंडू सयाजीच्या उसावरून पलीकडं गेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. आनंद झाला म्हणतेस? मी मटकन ढेकळात बसलो. मला जमलं तर दाजी उद्या सहाला उठतील कशाला? सयाजीनं बघितलं होतं, त्याला गळ्याची शपथ घातली. शुक्रवारपासून मी पुन्हा इमानेइतबारे हिसका देतोय. मुद्दाम चुकीचं मारणं फार अवघड असतं गं, मनगट सुजलंय ते त्यानं. डिसेंबरात त्यांना नेऊ नकोस, एवढंच मागणं आहे. तेवढ्यासाठीच एवढं लिहिलं.

पाकीट चिकटवणार, तेवढ्यात तुझ्या मामीनं पत्र वाचायला घेतलं आणि वरचा मजकूर वाचून तोंडाला पदर लावला. सयाजीच्या पोटात ही गोष्ट गुरुवारच्या संध्याकाळपर्यंतसुद्धा राहिली नव्हती म्हणे. दाजींना सगळं ठाऊक आहे. त्याच दिवशी त्यांनी मामीला बजावून ठेवलंय, “केरबाला कळू देऊ नगा. त्येची आक्का गेली, नोकरीबी सरली. मी कुठंबी ऱ्हाईन, मला लेक हाय. पर ह्यो गडी सकाळी उठून चा घिऊन कुणाकडं जाईल? त्येला जमलंय म्हणून कवाच म्हणायचं न्हाय मी.” आता मी काय लिहू? मामी म्हणते, खरं तेच लिही. तर पोरी, डिसेंबरचं रिझर्व्हेशन केलं असशील तर रद्द कर. आणि न्यायचंच असेल, तर शेजारची सीट माझ्या नावानं काढ. खिडकी दाजींना दे.