शाफ्टवरचे वळ

माऊली,

जीपचा वाकलेला शाफ्ट पोत्यात घालून एसटीनं सेलूला लेथवर न्यायलेय. जेवण झाकून ठेवलंय, घशाखाली उतरलं तर खा.

आबांनी जीप दगडावर घातली म्हणून शाफ्ट वाकला म्हणालास. मग त्याच्यावर साखळीचे वळ कशाचे रं? उसाची ट्रॉली ओढायला मागं हूक असताना साखळी शाफ्टला बांधलीस, अक्कल गहाण ठेवली होतीस का?

मिलिटरीच्या लिलावातून आणल्यापासून आबांनी जीपला ओरखडा येऊ दिला न्हाई. तुझं ऐकून सकाळी म्हणाले, "आता नजर गेली माझी," आणि चावी माझ्याकडं देऊन टाकली.

शाफ्ट मी सरळ करून आणते. चावी ह्या चिठ्ठीवर ठेवलीय. मी यायच्या आत आबांना खरं सांग, आणि तुझ्या हातानं ती परत दे.

ताई