शेजारच्या गावांची काटकसर

३ मार्च
साहेबांनी वीज मंडळाच्या अहवालाचं काम दिलं. आपलं शहर वाढल्यामुळे शेजारच्या गावांच्या वीजवापरावर काय परिणाम झाला? मुदत दोन महिने. मला तीन आठवडे पुरतील. संकल्प: रोज सहाला उठून दोन पानं. गावोगाव स्वतः फिरायचं. टेबलावर बसून अहवाल लिहिणाऱ्यांतला मी नाही.

४ मार्च, सकाळी ९
उशीर झाला. एसीमुळे झोप फार गाढ लागते. दोष एसीचा.

११ मार्च
पाहणी रद्द. ऊन फार आहे. आकडे ऑफिसात कॉम्प्युटरवर मिळतातच.
ताईचा फोन. शेजारच्या गावात तिचा शिवणाचा कारखाना आहे. आठ मशिनं, आठ बायका. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर जूनच्या आत द्यायची आहे. म्हणाली, तुमचे वीस-वीस मजली टॉवर उभे राहिल्यापासून इथे दुपारभर वीज नसते. मी म्हटलं, ताई, भावना वेगळी, आकडे वेगळे. म्हणाली, मग आकड्यांना म्हणावं, एक दुपार इथे येऊन बसा.
फोन ठेवला. दमायला होतं.

२४ मार्च
शोध लागला. दोन वर्षांत गावांचा वापर एक तृतीयांशाने घटला, शहराचा दुप्पट झाला. म्हणजे गावांची गरजच कमी झाली. शहराच्या शेजाराने त्यांना काटकसरीचं वळण लागलं. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, नळाला पाणी आलं नव्हतं, त्या दिवशी आपणही कमीच वापरलं होतं.
पाणी वेगळं, वीज वेगळी.

२ एप्रिल
लाइनमनला सहज आलेख दाखवला. म्हणाला, साहेब, वीजच नसली तर मीटर फिरणार कसं? जुना माणूस. संख्याशास्त्राचा गंध नाही. संकल्प: यापुढे अशी चर्चा बंद.

१८ एप्रिल
अहवाल सादर. जाड, गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. शिफारस: गावांना नको असलेली वीज दुपारी बारा ते पाच शहराला द्यावी. साहेबांनी शेवटचं पान वाचून सही केली. म्हणाले, सोयीचा झालाय. कौतुकच ते.

५ मे
शिफारस लागू होऊन चार दिवस झाले. ताईचा फोन नाही. तक्रार मिटली असावी.

९ मे
ताई आली. टेम्पोत आठ मशिनं आणि एक मोठी इस्त्री. म्हणाली, वीज तुझ्याकडे आली, तिच्यामागून मीही आले. पाच जणी रोज बसने येतील. तिघींना घर सोडून येणं जमणार नाही. ही म्हणाली, वन्सं, हॉल मोकळाच आहे. मला कुणी विचारलं नाही.

११ मे
फ्यूज उडाला. वायरमन म्हणाला, इस्त्री किंवा एसी, एक काहीतरी ठेवा. हिने उठून एसी बंद केला.

२० मे
साहेब खूश. गावांचा वापर आणखी घटला, म्हणजे अहवाल खरा ठरला. आता पुरवणी हवी. संकल्प: पुरवणीत खरं काय ते लिहायचं. उद्यापासून.

२६ मे, दुपारी ३
बाराला गल्लीचा ट्रान्सफॉर्मर बंद पडला. भार पेलवला नाही. लाइनमन खांबाखाली उभा राहून म्हणाला, साहेब, संध्याकाळपर्यंत आशा नाही. माझ्याकडे बघून हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
मशिनं गप्प. दोनशे गणवेश बाकी. पाच जणी काजं-बटणं हाताने करत बसल्या आहेत. ताई म्हणाली, मीटर बघून ये. बघून आलो. हलत नाही. म्हणाली, बघ, तुलाही काटकसरीचं वळण लागलं.
पुरवणीचं पान कोरं आहे. मला वारा घालायला बसवलंय. अहवालाने घालतोय. कागद जाड घेतला होता, ते बरं झालं.