साकेतची नदी

१० मे २०२५, शनिवार

पुन्हा नकार! ब्रॅकनेलहून पहाटे निघून वेल्स गाठलं. नदी सुंदर, वाळू भरपूर — आणि कुंपणापाशी शेतकरी उभा. "नदी मधोमधपर्यंत माझी. पलीकडचा अर्धा भाग फिशिंग क्लबचा. माझं उत्तर नाही, त्यांना विचारून बघा." अर्ध्या नदीची मालकी! वाळूतून सोनं धुवायचं पॅन ओलंसुद्धा झालं नाही.

घरी आलो तर स्वराली म्हणते, "आमच्या विदर्भात सोनझारी लोक पोटासाठी वाळू धुतात. माझा नवरा पेट्रोल जाळून, न धुताच परत येतो." मला हसू आलं नाही.

१४ मे

क्लबचा ईमेल. नाही.

१८ मे, रविवार

साकेतने फोटो पाठवला. बोटाच्या टोकावर सोनं! तिळापेक्षा बारीक, पण सोनंच!

हा छंद आम्ही दोघांनी मिळून सुरू केला. हाउन्सलोला त्याच्या घरी, टबात वाळू कालवून पॅन फिरवायला शिकलो. आणि आता साहेब एकटेच जाऊन आले! लगेच फोन केला.

"कुठे रे?"

"सांगतो. आत्ता नाही, पुष्क्या. थोडं थांब."

थांब! दोन उन्हाळे दारोदार 'नो' ऐकतोय मी, आणि हा म्हणतो थांब.

२१ मे

ऑफिसात लक्ष नाही. साकेतच्या मेसेजला उत्तर दिलं नाही. बसू दे त्याला सोनं बघत.

२४ मे, शनिवार

फोटोत मागे दगडी पूल आहे, शेजारी हिरवं फाटक. मॅपवर वेल्समधले पूल एकेक करून बघत बसलो. सापडला! स्वराली म्हणाली, "त्याला विचारून तरी जा." कशाला? त्याने मला विचारलं होतं?

२५ मे, रविवार

गेलो. फाटक ओलांडून आत शिरलो. तिसऱ्याच पॅनला काळ्या वाळूत पिवळा ठिपका!

तेवढ्यात काठावरून हाक. म्हाताऱ्या बाई, जमीन त्यांचीच. "तुम्हाला आत कोणी सोडलं?" मी पॅन खाली ठेवलं. मग जरा मऊ आवाजात — "साकेतचे मित्र का तुम्ही?"

"नाही. कोण साकेत?"

का म्हणालो असं? त्याला कळेल म्हणून घाबरलो, बाकी काही नाही. बाईंचा चेहरा एकदम बदलला. सगळी वाळू परत नदीत ओतायला लावली. मी गाडीत बसेपर्यंत फाटकाशी उभ्या होत्या.

घरी येईपर्यंत चिडलेलो होतो. कोणावर, ते कळेना.

२८ मे

साकेतचा फोन. "पुष्क्या, संपलं रे. बाईंच्या जमिनीत कोणीतरी घुसलं. आता कोणालाच येऊ देणार नाहीत, मलाही नाही. तुला आणू का म्हणून विचारलं होतं मी. 'बघते, तोवर कोणाला जागा सांगू नकोस,' म्हणाल्या." मग तोच — "जाऊ दे. शनिवारी दोघं मिळून नवी शोधू?"

"शोधू," म्हणालो.