सोळा जर्सी आणि एक पिवळी पट्टी

मोजे आधी वेगळे काढायचे, मग जर्सी सुलट्या करायच्या, मग चिखलानं भरलेल्या शॉर्ट साबणाच्या पाण्यात टाकायच्या, हा माझा सोमवार सकाळचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. त्या सोमवारी संघाचं पोतं उघडून मी तेच करत होते. गॅसवर चहा उकळून अर्धा झाला होता (ह्यांना तसा लागायचा, म्हणून अजून तसाच होतो) आणि तेवढ्यात तुमचं पत्र आलं.

पण आधी रीतीप्रमाणे. तीर्थरूप वन्सं, तुम्हाला नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरायचं टाळता, की मला तसं लिहून खाली उतरूनच पत्र टाकता? मी बरी आहे. ह्यांना जाऊन तेरा महिने झाले. रडण्याची आता वेळ ठरून गेली आहे. मशीन कपडे पिळायला लागलं की त्या आवाजात पाच-सात मिनिटं, मग वाळत घालायचं काम असतं.

तुम्ही लिहिलंत, मामानं बावीस वर्षं शिकवलेला हॉकीचा संघ, तर यंदा भाचीच कॅप्टन व्हावी, मी एक शब्द टाकावा. शब्द टाकला, वन्सं. कसा टाकला ते सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे राहणारी तुमची मुलगी सांगेल ते रागानं सांगेल आणि क्लबचे अध्यक्ष सांगतील त्याचं भाषण होईल.

गेल्या वर्षीची कॅप्टन नोकरी लागून गेली, तेव्हापासून जागा रिकामी. नवे कोच तरुण आहेत, मनापासून शिकवतात, आणि त्यांच्याकडे नेतृत्वावर एक जाड पुस्तक आहे. मी ते मागून आणलं आणि कपडे धुताना वाचलं. मशीनच्या एका फेरीत एक प्रकरण होतं. पुस्तकात म्हटलंय की नेते तीन प्रकारचे. एक हुकूम सोडणारे, दुसरे सगळ्यांना विचारणारे, तिसरे मोकळं सोडून देणारे. (आपल्या घरी तिन्ही होते. सासूबाई पहिल्या, तुमचे भाऊ दुसरे, आणि मामंजी तिसरे, ते पेपर वाचत बसायचे.) कोचनी ठरवलं की आपण तिन्ही पद्धती करून बघू.

हुकमाचं काम अध्यक्षांकडे गेलं. ते दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची सवय, त्यामुळे उत्तर ऐकायची सवय नाही. मैदानावर आले, हात मागे बांधून रांगेसमोरून फिरले आणि सगळ्यांत उंच मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ही. त्या मुलीला हॉकी सोडून महिना झाला होता, ती स्टिक परत करायला आली होती. तिनं तीनदा सांगायचा प्रयत्न केला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि ते दवाखान्यात गेले.

मग मोकळं सोडायची पद्धत. रविवारचा सामना बिनकॅप्टनचा खेळायचा, जी पुढे होईल ती खरी. पुढे पाच जणी झाल्या. नाणेफेकीला पाच मुली बघून पंचांनी विचारलं की फोटो काढायचाय का. पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा मारायचा कुणी यावर इतका वाद झाला की शेवटी जी लांब उभी होती तिनं मारला, आणि तो मैदानाबाहेरच्या सायकलींत गेला. सहा शून्यनं हरलो. त्यातही सहाच झाले ते गोलकीपरमुळे. तिला सगळ्या कुलूप म्हणतात, एक तर तिच्यापुढून चेंडू जात नाही आणि दुसरं, ती तोंड उघडत नाही. (तुमच्या मुलीला वावटळ म्हणतात. त्याचं कारण लिहायला नको, तुम्ही तिला वाढवलंय.)

त्या सामन्याचं पोतं मी सोमवारी उघडलं. आता जे लिहिते ते तुमच्यापाशीच ठेवा. पोत्यात सगळ्यांत खाली कुलुपाची मोठी जर्सी होती, नीट गुंडाळलेली. ती उलगडली तर आत संघातल्या सगळ्यांत लहान मुलीची पांढरी शॉर्ट. कुणीतरी ती आधीच गार पाण्यात खळबळून, पिळून ठेवली होती. डाग जवळजवळ गेला होता. गार पाणीच घ्यायचं, हे आपल्याला आईनं सांगितलेलं असतं. त्या लहानीला आई नाही. सहा गोल खाऊन, बाकीच्या एकमेकींना बोल लावत असताना, नळाशी बसून हे कुणी केलं ते मला कुणी सांगायला नको. मोजे जोडीनं ठेवणाऱ्या मुली पुष्कळ असतात, वन्सं. त्यावरून फक्त मोजे नीट आहेत एवढंच कळतं.

बुधवारी सगळ्यांना विचारायची पद्धत झाली, म्हणजे मतदान. मी इस्त्रीचे कपडे घेऊन क्लबात गेले होते. सोळा मुली, सोळा चिठ्ठ्या. मोजायला सेक्रेटरी. हे निवृत्त पोस्टमन, भले गृहस्थ, पण अक्षर दिसलं की माणूस ओळखायची चाळीस वर्षांची खोड. गुप्त मतदानाची प्रत्येक चिठ्ठी उघडून ते मोठ्यानं म्हणत होते, हे हिचं, हे तिचं. पंधरा जणींनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. एकट्या कुलुपानं वावटळीचं. म्हणजे वावटळीला दोन मतं, चौदा जणींना एकेक, आणि कुलुपाला शून्य. कोचनी पुस्तक मिटलं आणि वावटळीचं अभिनंदन करायला हात पुढे केला.

मी म्हटलं, "कुलूप व्हायला हवी."

अध्यक्षांनी विचारलं, कशावरून. मी शॉर्टचं सांगू शकत नव्हते. ती लहानगी तिथेच दाराशी उभी होती. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, खाली अक्षरं कोरली आहेत, 'माणसं ओळखणारी नजर'. मी त्या फोटोकडे न बघता सांगितलं, "मळक्या कपड्यांवरून. बावीस वर्षं असंच चाललंय. कपडे वाळत घालताना ते मला विचारायचे, मी नाव सांगायची, ते जाहीर करायचे."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. वन्सं, मला वाटलं मी चारचौघांत ह्यांच्या अंगावरचा कोट काढून घेतला. अध्यक्ष हात मागे बांधून फोटोखालची अक्षरं वाचायला लागले. मग तुमची मुलगी उभी राहिली. मला वाटलं आता संपलं. ती म्हणाली, "मामी खोटं बोलत नाही. घरी नुसत्या टॉवेलवरून सगळं ओळखते." आणि माझ्याकडे वळून, "तुझं बरोबर असेल. पण मी तुझ्याशी बोलणार नाही."

कुलूप कॅप्टन झाली. वावटळ दोन दिवस खरंच बोलली नाही; एका घरात राहून मीठ हवं तर चिठ्ठी लिहायची. तिसऱ्या दिवशी तिची जर्सी सुलटी करून आली आणि मोजे जोडीनं गुंडाळलेले. एक तिचा होता, दुसरा कुणाचा तरी.

रागावू नका. रागावलात तर गुडघ्याला जपून रागवा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. हे पत्र खरं ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. कॅप्टनच्या दंडावर बांधायची पिवळी पट्टी ह्यांच्या कपाटात असायची. गेल्या वर्षी तुम्ही भावाची आठवण म्हणून ती घेऊन गेलात, मी काही म्हटलं नव्हतं. आता परत पाठवाल का? सध्या कुलूप माझं धूळ पुसायचं फडकं बांधून खेळते, आणि पंचांनी दोनदा त्याला घाम पुसला. तुम्ही पाठवलीत तर मुलीलाही कळेल की आई रागावलेली नाही.

ता. क. २. पट्टी तुमच्याकडे आहे हे विसरून मी शुक्रवारी आधी कपाट उपसलं. त्यात ह्यांची एक वही मिळाली. दर वर्षी एक ओळ, कॅप्टनचं नाव आणि तारीख. तारखा सगळ्या रविवारच्या. मला ते विचारायचे सोमवारी. म्हणजे उत्तर कागदावर लिहून ठेवून, दुसऱ्या दिवशी चिमटे हातात देत मला विचारायचे आणि मी सांगितलं की मान हलवायचे. तीन ठिकाणी नाव खोडून खाली दुसरं लिहिलंय. ती तीन माझी. बाकी एकोणीस त्यांचीच होती, आणि मी सगळ्यांसमोर बावीस म्हणून आले. पुस्तकात हा चौथा प्रकार दिलेला नाही, मी पुन्हा चाळून बघितलं. शुक्रवारी मशीन न लावताच रडले.

शनिवारी मी वहीत बाविसाव्या ओळीखाली कुलुपाचं नाव लिहिलं, तारीख सोमवारची घातली, आणि वही नेऊन क्लबात फोटोखालच्या फळीवर उघडी ठेवली.