डाव्या पिळाची कस्ती

मी मुरवारीद, तफ्तच्या अग्यारीतले धर्मगुरू मोबेद मेहरबान यांची मुलगी, दिवंगत मोबेद खुदाबख्श यांची बायको, अहुरमझ्दाला स्मरून सांगते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळे मात्र उतरले आहेत, म्हणून शाळेचे मास्तर इस्फंदियार मी बोलेन तसं लिहून घेत आहेत. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. या घरात दडपण आणायचं काम आजवर मीच केलं, हे गावाला विचारा. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

राहतं घर, अंगण आणि अंगणातलं सरूचं झाड माझा एकुलता मुलगा तीरंदाज याला. सरू तोडू नये. गच्चीला दरसाल मातीचा गिलावा त्याने स्वतः चढून करावा. बोलतो पुष्कळ, चढत नाही.

डाळिंबाच्या बागेतला माझा वाटा, त्याच्या पाण्याच्या पाळीसह, गाहंबार सणांच्या गावजेवणांसाठी अग्यारीला.

तांब्याचं मोठं पातेलं माझी नणंद गोहर हिला. ते तिच्या आईचं, असं ती माझ्या लग्नापासून म्हणत आली आहे. त्याचा तळ मी करपवला, हेही तिने चारचौघांत सांगून झालं आहे. तेव्हा पोच द्यायची गरज नाही.

आता माग. कस्ती, म्हणजे आपण कमरेला बांधतो ती लोकरीची पवित्र दोरी, विणायचा माग, लांब सुई, तकली आणि लोकरीची टोपली माझी सून फरंगीस हिला मिळावी. यावर गोहर आकाशपाताळ एक करेल. माग तिच्या आईचा होता आणि कस्ती फक्त मोबेदांच्या घरच्या बायकांनी विणायची असते. फरंगीस मेंढपाळाची मुलगी. हे मलाही माहीत आहे, कारण हेच मी तिला रोज ऐकवत होते. त्यातून ती डावरी. ती पहिल्यांदा मागाजवळ आली तेव्हा मी म्हटलं होतं, "उजवा काय गहाण टाकलास? डाव्या हाताने कुणी पुण्य करतं का?"

कारण लिहिल्याशिवाय हे कलम टिकणार नाही, म्हणून लिहिते.

मागच्या गाहंबारच्या आधी मोबेद सोरूश यांच्या नातीला दीक्षेची सदरा-कस्ती घातली. ताटातली कस्ती माझ्या घरून गेलेली. गोहरने ती सगळ्या बायकांसमोर उचलली.

"बघा गं! याला म्हणतात मोबेदाच्या घरचा हात. बहात्तर धागे, यस्ना पोथीचे बहात्तर अध्याय, एक इकडचा तिकडे नाही. फरंगीस, नुसती पुऱ्या काय तळतेस, डोळे उघडून बघ. मेंढरांमागे फिरून हे येत नाही."

फरंगीस हसली. "खरंय, आत्याबाई. शिकायला हवं."

कौतुक हातात धरून बघावं म्हणून मी कस्ती मागून घेतली. डोळे गेले तरी माझी बोटं शाबूत आहेत. गोंड्याच्या पिळावरून मी बोट फिरवलं. माझा पीळ उजवा असतो. हा डावा होता. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी नुसतं तोंड उघडायचं होतं. उघडलंही. म्हटलं, "वयाच्या मानाने बरी झालीय."

मास्तर, हे वाक्य गाळू नका.

दुपारी ती भांडी घासत होती. मी जवळ जाऊन बसले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून, आई?"

"सोंग करू नकोस. पीळ डावा आहे."

तिने घासणं थांबवलं नाही. "तुमच्या दोन कस्त्या मोबेद सोरूश यांनी परत आणल्या होत्या. धागे सुटलेले. म्हणाले, मुरवारीदबाईंना कसं सांगू? मी म्हटलं, सांगूच नका, माझ्याकडे द्या, त्यांच्या जागी मी विणून देते."

"आणि मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही माग सोडला असतात. मग दिवसभर मलाच विणत बसला असतात."

"मी विणलेल्या कुठे आहेत?"

"उसवते. लोकर धुऊन परत तुमच्या टोपलीत ठेवते."

म्हणजे तीच लोकर मी पुन्हापुन्हा विणत होते. वर शेजारणींना सांगत होते की यंदा लोकरीला बरकत आहे, टोपली रिकामीच होत नाही.

मला लाज वाटते. कस्तीचे तीन वेढे घेताना सद्विचार, सद्वचन इथवर हात चालतो आणि सत्कृत्याच्या वेढ्याला अडतो. सदऱ्याच्या गळ्याशी पुण्याचा चिमुकला खिसा असतो. दिवसाकाठी त्यात काय पडलं ते माणसाने स्वतःला विचारायचं. माझ्या खिशात जे होतं ते सुनेने गुपचूप आणून टाकलेलं निघालं.

गोहरसाठी एवढंच. पहिली कस्ती राजा जमशीदने बांधली, हे तूच पोरांना सांगतेस. तेव्हा पैगंबर जरथुश्त्र जन्मायचे होते, मोबेदांचं घराणं कुठून असणार? मग जमशीदची कस्ती विणली कुणी? जिच्या घरी मेंढरं होती, त्याच बाईने ना?

मी पुढे लिहायला सांगितलं होतं की माझ्या मरणाच्या चौथ्या दिवशी बायका जमतील तेव्हा हे कलम मोठ्याने वाचावं. मास्तरांनी लेखणी थांबवली. म्हणाले, "मावशी, मेल्यावर लाज वाटून घेणं फार सोपं असतं." उद्धट आहे, पण खोटं बोलला नाही. ती ओळ खोडली आहे.

शेवटचं, माझ्या अंगावरच्या कपड्यांबद्दल. मेलेल्याला नवं कापड घालायचं नाही, जुनं धुतलेलं घालायचं, हा आपला धर्म. मला फरंगीसच्या हातची कस्ती बांधून न्यावं अशी माझी इच्छा आहे, आणि तिच्या हातची जुनी कस्ती माझ्याजवळ नाही. म्हणून काल मी तिच्याकडे एक मागितली. तिने दिली. आज सकाळी अंगणात, गोहर दूध घेऊन आली असताना, तिच्यासमोर मी ती बांधली आणि कुणाची ते सांगितलं. गोहरच्या हातून दूध सांडलं. 

ही कस्ती रोज सोडून बांधून झिजायला, धुऊन धुऊन मऊ पडायला वेळ लागेल. ती जुनी होईपर्यंत मला मरायची सोय नाही, हे तीरंदाजने ध्यानात ठेवावं.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, तो माझाच आहे.

साक्षीदार: मोबेद सोरूश, तफ्त अग्यारी
साक्षीदार व लेखक: इस्फंदियार, शिक्षक

ठिकाण तफ्त. आबान महिना, सरोश रोज (सतरावा दिवस), इराणी शमसी साल १३५३.

सही करायला दिसत नाही म्हणून अंगठा उठवला आहे. मास्तरांनी उजवा धरला होता. मी डावा दिला.